महाटेंडर्स: दवंडी कच्ची, साक्ष पक्की

सरकारी खरेदीत ‘आम्हाला कळलंच नाही’ ही तक्रार जुनी, आणि ‘पोर्टलवर होतं की’ हे उत्तरही तितकंच ठरलेलं. कोल्हापुरातल्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीचा पुरवठादार असो, उद्यमनगरातला वर्कशॉपवाला असो, नाहीतर संगणक दुरुस्तीची एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेणारा असो, गाडी याच दोन वाक्यांच्या मध्ये अडते. म्हणून महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलची इथली परीक्षा टेंडर भरण्याचं यंत्र म्हणून नाही, सार्वजनिक सूचनाफलक म्हणून आहे. काम निघालंय हे ते वेळेत कळवतं का? आणि नाही कळवलं, तर एकाच ठेकेदाराच्या पदरात गेलेलं काम पुन्हा उघडायला ते किती कामाला येतं? पहिल्या कसोटीवर पाचात दोन गुण, दुसऱ्यावर साडेचार.

पोर्टल केंद्राच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या जेपनिक नावाच्या ई-निविदा प्रणालीवर चालतं. निविदा बघायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, डिजिटल सही लागत नाही. जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका, सार्वजनिक बांधकाम, सगळ्यांच्या मोठ्या निविदा इथे येतात. केंद्राची कार्यालयं मात्र वेगळ्या फलकांवर: केंद्रीय खरेदी पोर्टल, जेम (सरकारी ऑनलाइन बाजार) आणि रेल्वेचं स्वतःचं. म्हणजे एका छोट्या पुरवठादाराला चार भिंती वाचाव्या लागतात. ‘एक देश, एक फलक’ अजून झालेलं नाही.

शोध: इथेच सगळं अडतं

पहिल्या पानावरची शोधपेटी शीर्षक, टेंडर आयडी आणि संदर्भ क्रमांक बघते. बीओक्यूच्या (कामातल्या वस्तू व परिमाणांच्या यादीच्या) फाइलमध्ये काय लिहिलंय ते तिला दिसत नाही. शीर्षक लिहितो कार्यालयातला कर्मचारी, बहुतेक वेळा रोमन लिपीत, स्वतःच्या सवयीने. एकाच गटारीला एक कार्यालय ‘ड्रेन’ म्हणतं, दुसरं ‘गटर’, तिसरं मराठी ‘गटार’ रोमन अक्षरांत लिहितं, आणि त्यातही स्पेलिंग दोन प्रकारची. ‘विद्युत साहित्य व अनुषंगिक कामे’ अशा शीर्षकाखाली सीसीटीव्ही, यूपीएस, केबल काहीही असू शकतं. मग सीसीटीव्ही हा शब्द टाकून शोधणारा माणूस रोज शोधूनही कोराच राहतो. हेतू वाईट असेलच असं नाही. पण परिणाम तोच: सूचना प्रसिद्ध झाली, पोचली नाही.

यावर उपाय एकच. शब्दाने शोधू नका, कार्यालयाने शोधा. डाव्या बाजूच्या यादीत ‘टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन’ आहे. आपल्या धंद्याशी संबंध असलेली पाच-सहा कार्यालयं ठरवा आणि त्यांची पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचा, शीर्षक निरर्थक वाटलं तरी कागदपत्रांची झिप उतरवून बीओक्यू उघडा. हे आठवड्यातून दोनदा करायचं, सोमवार आणि गुरुवार धरा. एकदाच केलंत तर सात-आठ दिवसांची अल्प मुदतीची निविदा दोन फेऱ्यांच्या मध्ये निघते आणि तुमच्या हाती शेवटचा एक दिवस येतो. ‘टेंडर्स बाय लोकेशन’वर भिस्त ठेवू नका. पिनकोड कार्यालय भरतं, आणि काम कोल्हापूरचं असलं तरी पिन मुख्यालयाचा असू शकतो.

कॅप्चा बऱ्याच शोधांना, झिप उतरवताना पुन्हा. तो सहन होतो. खरा त्रास पानाच्या पत्त्याचा: तो त्या सत्राला बांधलेला असतो. भागीदाराला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की त्याच्याकडे सत्र संपल्याचा संदेश उघडतो. लिंक न पाठवता टेंडर आयडी पाठवायची सवय लावा.

खासगी ‘टेंडर अलर्ट’ सेवा वर्षाची वर्गणी घेऊन रोज ईमेल पाठवतात. त्या हाच मजकूर ओढून घेतात, त्यामुळे शीर्षक गूढ असेल तर त्यांनाही ते उमगत नाही. चार जिल्ह्यांत काम करणाऱ्याला परवडतात. एकट्या कोल्हापुरापुरतं बघायचं असेल तर स्वतःचे दोन दिवस बरे.

तारखा वाचायची पद्धत

निविदेच्या पानावर ‘क्रिटिकल डेट्स’ नावाचा चौकोन असतो. प्रसिद्धी, कागदपत्रं उतरवण्याची सुरुवात व शेवट, शंका विचारण्याची मुदत, निविदा भरण्याची मुदत, लिफाफा उघडण्याची वेळ. सगळं तारीख-वेळेसह. या चौकोनात बघायचं ते दिवसांची संख्या नव्हे, कामाचे दिवस. शुक्रवारी संध्याकाळी सहाला प्रसिद्ध आणि पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनला बंद, हे कागदावर सात दिवस. शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद, मध्ये एखादा सण आला की हातात साडेतीन दिवस उरतात. त्यात शंका विचारायची मुदत सोमवारी संपत असेल तर ज्याला आधी माहीत होतं त्यालाच शंका विचारता येतात.

आणि साडेतीन दिवसांत काय होत नाही ते बघा. बयाणा रक्कम (अनामत) एनईएफटीने भरली तर ती पोर्टलला दिसेपर्यंत वेळ जातो. उत्पादकाचं अधिकारपत्र पुण्या-मुंबईच्या कंपनीकडून यायला आठवडा सहज लागतो. सीएचा उलाढाल दाखला, समान कामाचा दाखला, कधी साइट बघितल्याचं कार्यालयाच्या सहीचं पत्रही. साइट भेटीचं पत्र हा तर जुना अडसर, कारण ते देणारा अधिकारी नेमका ‘फील्डवर’ असतो. कमी मुदतीची सूचना सगळ्यांना सारखी कमी नसते. ज्याचे कागद आधीच तयार आहेत त्याला ती पुरेशी असते.

शुद्धीपत्रकाची, म्हणजे निविदेतला बदल कळण्याची, सोय चांगली आहे, पण दडलेली. लॉगिन करून निविदा ‘माय टेंडर्स’मध्ये घेतली तर बदल झाल्यावर एसएमएस आणि ईमेल येतो. नुसती झिप उतरवून बसलात तर काही कळत नाही. शेवटच्या दोन दिवसांत पात्रतेची अट बदलली आणि मुदत वाढवली नाही, तर तो बदल म्हणजे नवीन सूचनाच, आणि तिची मुदत दोन दिवस. आक्षेपासाठी हा मुद्दा मूळ मुदतीपेक्षाही भक्कम असतो.

किती दिवस पुरेसे?

इथे एकच नियम सगळीकडे लावायला गेलात की आक्षेप तिथेच गळतो. केंद्राच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू. त्यातला नियम १६१ सांगतो की जाहीर निविदेला प्रसिद्धीपासून किंवा कागदपत्रं उपलब्ध झाल्यापासून, जे नंतर असेल तिथून, साधारणपणे किमान तीन आठवडे द्यायचे. परदेशी निविदाकारही अपेक्षित असतील तर चार. महापालिकेला हा नियम लागू नाही. तिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ आणि त्याच्या अनुसूचीतलं प्रकरण ५ येतं, ज्यात करार करण्याच्या किमान सात दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात द्यायची आहे. राज्य शासनाच्या विभागांना उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ची खरेदी नियमपुस्तिका आणि तिच्यात नंतर झालेले बदल. बांधकामाच्या कामांना त्या खात्याचे स्वतःचे शासन निर्णय, ज्यात रकमेप्रमाणे मुदती ठरलेल्या असतात. महापालिकेच्या निविदेवर ‘एकवीस दिवस दिले नाहीत’ म्हणून पत्र लिहिणारे दर वर्षी सापडतात. त्यांना एका ओळीत उत्तर मिळतं, आणि पुढचे खरे मुद्देही त्याच उत्तराखाली गाडले जातात.

वृत्तपत्राची जाहिरात स्वतंत्रपणे तपासा. कोणत्या आवृत्तीत आली? काम कोल्हापूरचं आणि जाहिरात दुसऱ्या जिल्ह्याच्या आवृत्तीत, असं असेल तर ‘स्थानिक’ हा शब्दच फसला. जाहिरातीत कामाचं नाव, अंदाजे रक्कम, शेवटची तारीख आहे का, की नुसतं ‘विविध कामांची यादी संकेतस्थळावर’? सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या नगर निगम, मेरठ विरुद्ध अल फहीम मीट एक्स्पोर्ट्स या निकालात म्हटलं आहे की सरकारी करार सर्वसाधारणपणे जाहीर लिलाव किंवा निविदेनेच द्यावेत, आणि त्या भागात चांगला खप असलेल्या वृत्तपत्रांत तारीख, वेळ, जागा अशा तपशिलासह सूचना द्यावी. केंद्रीय दक्षता आयोगाने ५ जुलै २००७च्या आदेशात याच निकालाचा आधार घेऊन थेट नेमणुकीने दिलेल्या कामांवर निर्बंध सांगितले. वादाचा पाया म्हणून हा निकाल अजूनही सर्वात उपयोगी.

‘एकालाच’ देण्याचे तीन दरवाजे

मेरठच्या निकालातच अपवादही आहेत: नैसर्गिक आपत्ती व आणीबाणी, वस्तू एकाच ठिकाणी मिळणं, एखाद्याकडेच त्या वस्तूचे अनन्य हक्क असणं, आणि अनेकदा पुकारूनही कोणी न येणं. प्रत्यक्षात कार्यालयं तीन दरवाजे वापरतात.

पहिला प्रोप्रायटरीचा, म्हणजे वस्तू एकाच उत्पादकाकडे मिळते असं सांगून घेण्याचा. वित्तीय नियमांत तो १६६वा. सोबत एक ठरलेल्या नमुन्याचं प्रमाणपत्र लागतं, ज्याला खरेदी शाखेत ‘पीएसी’ म्हणतात. (पाणीपुरवठ्याच्या माणसाला पीएसी म्हणजे पाणी निवळायची पावडर वाटते. दोन्ही पीएसी एकाच फाइलमध्ये आल्या की वाचताना जपा.) या प्रमाणपत्रात एक ओळ अशी असते की दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा माल किंवा मॉडेल पुढील कारणांसाठी चालणार नाही. आक्षेप त्या कारणांवर घ्यायचा. कारणाच्या जागी ‘सदर कंपनीच अधिकृत आहे’ एवढंच लिहिलं असेल तर ते कारण नव्हे, ती आधीच्या ओळीची पुनरुक्ती.

कोल्हापूरकराला समजेल असं उदाहरण उपसा पंपाचं घ्या. पंपाच्या कंट्रोल पॅनेलचं प्रोग्रॅम केलेलं कार्ड मूळ उत्पादकाकडूनच घ्यावं लागतं, हे मान्य. पण त्याच ऑर्डरमध्ये ब्राँझ बुश, शाफ्ट स्लीव्ह, इंपेलर, गॅस्केट, नटबोल्टसुद्धा ‘मूळ उत्पादक’ म्हणून जातात. ज्या शहरात फाउंड्री आणि मशिन शॉप गल्लोगल्ली आहेत तिथे ड्रॉइंग आणि धातूचा ग्रेड दिला तर बुश आणि स्लीव्ह करून देणारे डझनभर निघतील. इंपेलरचं थोडं जपून. पाती आणि बॅलन्सिंग चुकलं तर पंपाची क्षमता पडते आणि बेअरिंग खातं, म्हणून तिथे कार्यालयाचा आग्रह समजण्यासारखा आहे. तेव्हा सगळ्या पीएसीला विरोध करू नका. यादी फोडून मागा: कार्ड त्यांच्याकडून घ्या, बुश-स्लीव्ह-गॅस्केटची जाहीर निविदा काढा. अशी मागणी नाकारताना कार्यालयाला प्रत्येक वस्तूचं कारण लिहावं लागतं. सरसकट मागणी नाकारायला एक ओळ पुरते.

दुसरा दरवाजा आणीबाणीचा. महापालिका कायद्यात कलम ६७(३)(क) आयुक्तांना तातडीची कारवाई करू देतं, मात्र काय केलं, का केलं आणि किती खर्च आला हे लगेच स्थायी समिती व सभागृहाला कळवायचं असतं. अनुसूचीतलं प्रसिद्ध ५(२)(२) वेगळं: कारणं नोंदवून आणि स्थायी समितीच्या मान्यतेने निविदा न मागवता करार. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा बोटी, टँकर, ब्लीचिंग पावडर कोणाकडून घेतली यावर कोणी शहाणा माणूस भांडत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरात निविदा काढत बसणं वेडेपणाच ठरलं असता. पण जूनच्या तोंडावर नालेसफाई ‘तातडीची’ होते तेव्हा प्रश्न विचारायचा. पावसाळा दर वर्षी जूनमध्येच येतो. उशिरा जागं झाल्यामुळे आलेली घाई आणि आपत्तीमुळे आलेली घाई यांतला फरक फाइलमधल्या तारखाच दाखवतात: मागणी कधी आली, टिप्पणी कधी फिरली, मंजुरी कधी झाली. टेबलावर तीन महिने पडलेली फाइल शेवटच्या दिवशी तातडीची होत नाही.

इथे एक कोल्हापुरी पोटमुद्दा. नोव्हेंबर २०२०मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे बराच काळ कारभार प्रशासकांकडे होता. प्रस्ताव आयुक्तांचा आणि मान्यता स्थायी समितीची ही दोन हातांची रचना त्या काळात एकाच हातात आली. कायद्याने ते चालतं. पण त्या काळातला थेट करार तपासताना ‘प्रशासकीय ठराव’ स्वतंत्रपणे मागायचा, कारण कारणं नोंदवायची अट तेव्हाही कायम होती.

तिसरा दरवाजा सर्वात रुंद, कारण तो बंद असल्यासारखा दिसत नाही: निविदा जाहीर, पण आली एकच. एकच निविदा आली म्हणून प्रक्रिया बेकायदा होत नाही. केंद्राच्या नियम १७३मध्येच तसं लिहिलंय, पण तीन अटींसह: जाहिरात समाधानकारक झालेली असावी आणि पुरेसा वेळ दिलेला असावा, पात्रतेच्या अटी विनाकारण आवळलेल्या नसाव्यात, दर वाजवी असावा. म्हणजे एकल निविदेचं सगळं वजन जाहिरातीवर टेकलंय. राज्यात पहिल्या पुकाराला तीनपेक्षा कमी आल्या तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा ही रूढ पद्धत. त्यामुळे काही ठिकाणी ‘सपोर्ट’ टेंडरांची, म्हणजे नुसत्या दिखाव्यासाठी भरलेल्या निविदांची, सोय होते, तीन लिफाफे भरतात आणि स्पर्धा झाल्यासारखी दिसते. ते सिद्ध करणं वेगळं आणि अवघड प्रकरण आहे. त्याची सरमिसळ मुदतीच्या आक्षेपात करू नका.

आणि चौथी वाट, जी दरवाजाच नव्हे, खिडकी: काम तोडून ई-निविदेच्या मर्यादेखाली आणणं, मग तीन कोटेशनवर देणं. केंद्राचा नियम १५७ असं तोडणं स्पष्टपणे नाकारतो. ओळखायची खूण म्हणजे एकाच आठवड्यातले, एकाच वस्तूचे, मर्यादेपेक्षा थोडे कमी असलेले सलग कार्यादेश. ते पोर्टलवर दिसतच नाहीत, त्यामुळे या प्रकारात महाटेंडर्सचा उपयोग शून्य.

साक्षीदार म्हणून

आता साडेचार गुण कशाचे ते. पोर्टलवरची प्रत्येक हालचाल सर्व्हरच्या वेळेसह नोंदली जाते, आणि ती वेळ कार्यालयाला मागे सरकवता येत नाही. जुन्या काळी सूचनाफलकावर कागद लावला की नाही यावरच दोन महिने वाद चालायचा. आता प्रसिद्धीची तारीख, प्रत्येक शुद्धीपत्रक, किती निविदा आल्या, तांत्रिक लिफाफा कधी उघडला, सगळं बाहेरच्या माणसालाही दिसतं. ‘टेंडर टाइप’च्या रकान्यात ओपन, लिमिटेड की सिंगल हे लिहिलेलं असतं. लोक तो रकाना वाचतच नाहीत.

निविदा दिसल्या दिवशीच तपशिलाचं पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा, झिपसकट. शुद्धीपत्रक आलं की पुन्हा. मुदत संपली की ‘टेंडर्स स्टेटस’मध्ये आयडी टाकून टप्पा बघा, उघडलेल्या निविदांचा सारांश जतन करा. काम दिल्यावर ‘रिझल्ट्स ऑफ टेंडर्स’ बघा. रद्द झालेल्या ‘कॅन्सल्ड/रीटेंडर्ड’ यादीत जातात, जुन्या ‘आर्काइव्ह’मध्ये. अर्धा गुण कापला तो यासाठी की निकाल भरणं कार्यालयाच्या हातात आहे. काम सुरू होऊन महिने झाले तरी स्टेटसमध्ये तांत्रिक मूल्यांकनच चालू दिसतं, असं होतं.

फाइलमधली बाजू पोर्टलवर नसते. ती माहिती अधिकारात. पण तीस दिवस थांबलात तर तोवर काम निम्मं झालेलं असतं. आधी २६ नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयाचा फायदा घ्या: जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. नागाळा पार्कातली जिल्हा परिषद असो की महापालिका, या दोन तासांत फाइल बघता येते. टिप्पणी भाग, मान्यतेची सही आणि तारीख, जाहिरातीचं कात्रण व बिल, पीएसी प्रमाणपत्र, तुलनात्मक तक्ता, निविदा समितीचं इतिवृत्त, या क्रमाने बघा आणि पान क्रमांक टिपून घ्या. मग अर्जात नेमक्या त्याच पानांच्या प्रती मागा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि सुमारे १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, प्रत २ रुपये पान. ‘का दिलं’ असं विचारू नका, ‘प्रत द्या’ म्हणा. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. दराची माहिती व्यापारी गुपित म्हणून नाकारली तर काम दिल्यानंतरचा दर गुपित राहत नाही, हे पहिल्या अपिलात मांडा.

पत्र आणि पुढे

आक्षेपाचं पत्र निविदा बंद होण्याच्या आधी गेलं पाहिजे. निविदा न भरता, पत्रही न लिहिता, काम गेल्यावर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा: तुम्ही होतात कुठे? दीड पानाच्या आत बसवा. टेंडर आयडी, प्रसिद्धीची आणि बंद होण्याची तारीख-वेळ, त्यातले कामाचे दिवस, लागू असलेला नियम, आपण पात्र आहोत हे दाखवणारे दोन कागद, आणि एकच मागणी: अमुक दिवसांची मुदतवाढ, किंवा फेरनिविदा, किंवा अमुक वस्तू पीएसीतून वगळणं. ‘भ्रष्टाचार’, ‘संगनमत’ हे शब्द पुराव्याशिवाय घालू नका. ते घातले की पत्र उत्तरासाठी न जाता विधी शाखेकडे जातं. निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याला मूळ प्रत, विभागप्रमुख आणि लेखापरीक्षकांना प्रती. ईमेल करा, पण हातानेही द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. शक्य असेल तर आक्षेप कायम ठेवून निविदाही भरा. एकदा भरलेली मागे घेतली तर पुन्हा भरता येत नाही, हे लक्षात ठेवा.

उत्तर आलं नाही तर न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५पासून सुरू आहे. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात येतात. पूर्वी याचिकेसाठी मुंबईला जाण्यातच सात दिवसांची निविदा संपून जायची. आता राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ची याचिका घरातून चालत जाऊन दाखल करता येते. अंतर कमी झालं, कसोटी तीच राहिली. जगदीश मंडल प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रश्न ठेवले: निर्णय दुष्ट हेतूचा किंवा इतका मनमानी आहे का की कोणताही जबाबदार अधिकारी तो घेणार नाही, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का. एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात (२०२२) पायाभूत कामांना स्थगिती देताना हात आखडता घ्या असं सांगितलं. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ला आलेलं कलम २०अ तर अशा प्रकल्पांचं काम अडणार किंवा रखडणार असेल तर मनाई हुकूमच नको म्हणतं. रस्ता किंवा पाणी योजनेचं काम असेल तर कार्यारंभ आदेश निघण्याआधी गेलात तरच अर्थ. पंपाचे सुटे भाग, संगणक, फर्निचर यांत थोडी सवड मिळते.

उशिराचं सर्वात बोलकं उदाहरण जुनंच आहे. १९७९चा रमणा शेट्टी निकाल मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्याचा. सूचनेत जाहीर केलेली पात्रता प्राधिकरणाला स्वतःलाही मोडता येत नाही हे तत्त्व त्यातूनच रुजलं. तत्त्व याचिकाकर्त्याच्या बाजूने लागलं, ठेका मात्र रद्द झाला नाही. काम दिल्यावर पाच महिन्यांहून जास्त उशिरा तो न्यायालयात आला होता, आणि ज्याला ठेका मिळाला त्याचा तोवर बराच खर्च होऊन गेला होता.

जेमबद्दल थोडक्यात. तिथे पीएसीने घ्यायची वेगळी सोयच आहे, त्यामुळे एका ब्रँडची खरेदी निदान त्या नावाने नोंदली जाते, आणि त्या ब्रँडचे दोन-तीन विक्रेते असतील तर त्यांच्यात तरी दराची चढाओढ होते. वर्गवारी ठरलेली असल्यामुळे शोधही महाटेंडर्सपेक्षा सरस. पण ‘कस्टम बिड’ (ठरलेल्या वर्गवारीबाहेरची मागणी) निघाली की पुन्हा तोच शीर्षकाचा खेळ.

राहता राहिली एएमसी. थेट दिलेला देखभाल करार पहिल्यांदा पकडणं अवघड, पण तो संपतो कधी हे कार्यादेशात लिहिलेलं असतं, आणि कार्यादेश सोमवारच्या दोन तासांत बघता येतो. ती तारीख कॅलेंडरवर टाका, तिच्या तीन महिने आधी कार्यालयाला पत्र द्या: करार अमुक दिवशी संपतो आहे, हे काम आम्हीही करू शकतो, पात्रतेचे कागद सोबत जोडले आहेत, नूतनीकरण न करता जाहीर निविदा काढावी. पोच घ्या. तीन महिन्यांनी ‘वेळ नव्हता, दुसरा पुरवठादार नव्हता’ अशी टिप्पणी लिहायला घेतली जाईल तेव्हा ते पत्र त्याच फाइलमध्ये, दोन पानं मागे, आवक क्रमांकासह लागलेलं असेल.